गोगलगायी व आमचे वांग्याचे वाफे

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहो. वरून गरीब दिसणारा परंतु आतल्या गाठीचा मनुष्य भेटला, म्हणजे त्यास ही म्हण लावितात. तथापि ती केवळ मनुष्यस्वभावाचे वर्णन नसून प्राणिशास्त्रातील एक सत्य गोष्ट आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गोगलगायीचे पोट हाच तिचा पाय होय. शास्त्रज्ञांनी ह्या वर्गास 'उदरपाद' असे नाव दिले आहे, त्याचाही अर्थ तोच. ह्या उदरपादांची व आमची खरी ओळख गेल्या पावसाळ्यात झाली. ती ओळख आमच्या पदरी थोडी शरम बांधून गेली, व म्हणूनच ती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी असे वाटले.

आमच्या शाळेच्या मागील अंगास मुलांचा लहानसा भाजीचा मळा आहे. मेहरूणची भूमी बोरांविषयी प्रसिद्ध, आणि आमच्या जळगाव जिल्ह्याची भरताची वांगी तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहेत. तेव्हा स्नेहसंमेलनाच्या दिवशी आपल्याच मळ्यातील वांग्यांचे भरीत व्हावे, असे मुलांनी मनात घेतले. जून महिन्यात गादीवाफ्यावर बी टाकले, रोपे वीतभर झाली, आणि जुलैच्या आरंभी ती सरीवर लाविली. चौथ्या दिवशी सकाळी पाहावे तो निम्मी रोपे नाहीशी! कोठे नुसता देठ उभा, कोठे पानाची चाळणी झालेली, तर कोठे रोप होते की नव्हते हेही कळू नये.

आमचा पहिला संशय शेजारच्या शेळीवर गेला. परंतु कुंपण शाबूत होते. मग आम्ही पाण्याची पाळी असलेल्या इयत्ता आठवीच्या दोन मुलांस बोलाविले. रोपे तुम्ही तुडविली, किंवा राखण सोडून खेळावयास गेला, असे आम्ही भर वर्गात त्यांस बोललो. त्यांनी नाकारिले, तेव्हा खोटे बोलता म्हणून आणखी बोललो. सायंकाळी त्यांपैकी एकाची आजी शाळेत आली. ती रागावली नव्हती. वाफ्याजवळ जाऊन तिने एक वाळलेली, चकाकणारी रेघ बोटाने दाखविली व एवढेच म्हणाली, "गुरुजी, दिवसा काय दिसनार? रातीले येऊन पाहा."

त्या रात्री नऊ वाजता विजेरी घेऊन आम्ही मळ्यात गेलो. पाऊस नुकताच थांबला होता. उजेडाचा झोत वाफ्यावर पडताच जे दिसले, ते पाहून आम्ही काही वेळ स्तब्ध उभे राहिलो. सरीवर, रोपांवर, भिंतीच्या पायथ्याशी जिकडे तिकडे गोगलगायी! काही पाठीवर शंख वाहणाऱ्या, तर काही बिनशंखी, काळसर तपकिरी, चामड्यासारख्या पाठीच्या, मधोमध एक फिकट रेघ असलेल्या. काडीने स्पर्श करिताच ह्या दुसऱ्या प्रकारच्या गोगलगायी अंग आखडून चपट्या टिकलीसारख्या होऊन बसत. एका वांग्याच्या कोवळ्या रोपावर तिघी चढल्या होत्या, आणि रोप त्यांच्या भाराने वाकले होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर, ज्या वर्गासमोर आम्ही त्या दोन मुलांस दोष दिला होता, त्याच वर्गासमोर तो परत घेतला. असो. आता मूळ विषयाकडे वळू.

ज्या शत्रूशी गाठ आहे त्याची दिनचर्या, किंबहुना रात्रीचर्या, प्रथम समजून घेतली पाहिजे. गोगलगायीच्या अंगातील पाणी तिच्या ओलसर त्वचेतून सतत उडून जात असते. ऊन व कोरडा वारा हे तिचे खरे वैरी. म्हणून ती दिवसा दगड, कुंड्या, पालापाचोळा, खताचा ढीग, ओले गोणपाट यांखाली दडून बसते व अंधार पडून हवेत ओल आली म्हणजे चरावयास निघते. तिच्या तोंडात कानशीसारखी एक पट्टी असून तीवर हजारो बारीक दात असतात. त्या पट्टीने ती पान कापीत नाही, खरवडते. यामुळेच तिने खाल्लेल्या पानास वेडीवाकडी भोके पडतात व कडा दातरलेल्या दिसतात. जमिनीतील कुरतडणारी अळी रोप बुडाशी कापून आडवे पाडते. गोगलगाय तसे न करिता मागे बुळबुळीत पदार्थाची रेघ ठेवून जाते, आणि ती वाळली म्हणजे चांदीसारखी चकाकते. आजीबाईंनी दाखविलेली रेघ ती हीच.

आमच्या खानदेशात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा भट्टीत हा ओलाव्याचा जीव जगतो तरी कसा, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारिला, आणि तो खरोखर मार्मिक होता. शंखी गोगलगाय उन्हाळ्यात शंखाच्या आत शिरून त्याचे तोंड एका पातळ पडद्याने बंद करून घेते व महिनोन् महिने निपचित पडून राहते. बिनशंखीस असे घर नसल्यामुळे ती मातीच्या खोल फटीत उतरते. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, हे सर्वांस ठाऊक आहे. मृगाचा पाऊस पडला की दोघीही वर येतात, व नेमके त्याच वेळी आपण कोवळी रोपे लावितो! प्रत्येक गोगलगायीत नर व मादी या दोघांचीही इंद्रिये असतात, आणि समागमानंतर ती मातीत साबुदाण्यासारखी पांढुरकी अंडी पुंजक्यांनी घालिते. मोठी आफ्रिकी गोगलगाय एका खेपेस शंभराहून अधिक अंडी घालते.

ही आफ्रिकी गोगलगाय आपल्या देशी कशी आली, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ती मूळची पूर्व आफ्रिकेची. विल्यम हेन्री बेन्सन या शंखशिंपल्यांच्या हौशी अभ्यासकाने १८४७ साली मॉरिशसहून येताना तिचे काही नमुने कलकत्त्यास आणिले, व ते तेथील चौरंगी भागातील एका बागेत सोडले गेले. हौसेने सोडलेले ते प्राणी कालांतराने देशभर पसरले. २०२२ सालच्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत सोयाबीनची नुकतीच उगवलेली रोपे गोगलगायींनी फस्त केली. अनेक शेतकऱ्यांस दुबार पेरणी करावी लागली, आणि शासनास त्या नुकसानीबद्दल मदत द्यावी लागली. मुलांनी हसत हसत ज्या प्राण्यास 'मंद' म्हणून नावे ठेविली, त्याने तीन जिल्ह्यांचे शेतकरी रडविले.

आता उपायांविषयी. येथे आमच्या हातून दुसरी चूक झाली. मिठाने गोगलगाय मरते हे ऐकून आम्ही एका वाफ्याभोवती जाडे मीठ पसरविले. गोगलगायी मेल्या खऱ्या. परंतु पावसाने मीठ विरघळून मुळांशी गेले, आणि आठ-दहा दिवसांत उरलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपू लागल्या. जे कारण गोगलगायीच्या मृत्यूचे, तेच रोपाच्याही दुर्दशेचे. मीठ ओल्या त्वचेतून पाणी बाहेर ओढिते, तसेच खारट मातीत मुळांस पाणी शोषून घेणे कठीण जाते. शिवाय आपल्या काळ्या मातीत मिठाचा अंश वाढला म्हणजे ती चिकट होऊन तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. तो वाफा आम्हास त्या हंगामात सोडून द्यावा लागला. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नये. मीठही निसर्गातीलच आहे.

मिठाविषयी आणखी एक सांगावयाचे आहे. काही मुले गंमत म्हणून गोगलगायीवर चिमूट टाकून तिची तडफड पाहत बसली होती. ते आम्ही ताबडतोब बंद केले. पीक वाचविण्यासाठी जीव घ्यावा लागतो हे खरे. परंतु त्याचा तमाशा करण्याचे कारण नाही. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्या व नंतर वाफ्यापासून दूर खोल खड्ड्यात चुना घालून पुराव्या.

राख, चुन्याची पट्टी, अंड्यांची टरफले, वाळू, तांब्याची पट्टी असे अडथळ्याचे अनेक उपाय लोक सांगतात. कोरडी राख व चुना यांवरून गोगलगाय जावयास कचरते, हे आम्हीही पाहिले. परंतु जुलैच्या एका सरीने राख धुऊन गेली की अडथळा संपला, आणि चुना वारंवार टाकावा तर आपली जमीन आधीच चुनखडीची. इंग्लंडातील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली सॅलडच्या पानांवर ह्या प्रकारच्या अडथळ्यांची पद्धतशीर परीक्षा केली. तांब्याची पट्टी, अंड्यांची टरफले, खडी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या यांपैकी कशानेही गोगलगायींचा उपद्रव कमी झालेला आढळला नाही. आमच्या शाळेतील अंड्यांच्या टरफलांचा प्रयोगही असाच फसला. आमच्या विज्ञानमंडळाच्या मुलांनी घरोघर फिरून दोन डबे टरफले जमविली होती. त्यांवरून गोगलगायी अशा आरामात गेल्या की जणू त्यांच्यासाठी गालिचाच अंथरला आहे. निंबोळी अर्काने पाने खाणारे काही किडे कमी झाले, पण गोगलगायींवर आम्हास त्याचा विशेष गुण दिसला नाही.

मग गुण आला तो कशाने? खरे पाहता कोणत्याही एका औषधाने नव्हे. तिची वेळ व तिची लपण्याची जागा ह्या दोन गोष्टी हाती आल्यावर बहुतेक काम झाले.

प्रथम आम्ही पाण्याची वेळ बदलली. पूर्वी शाळा सुटल्यावर, म्हणजे सायंकाळी, मुले वाफ्यांस पाणी देत. म्हणजे गोगलगायींच्या बाहेर निघण्याच्या वेळी आम्हीच त्यांच्यासाठी रस्ता ओला करून ठेवीत होतो! आता पावसाने उघडीप दिली असता पाणी सकाळी देतात. दिवसा वरची माती सुकते, आणि रात्री त्यांस कोरड्या भूमीवरून चालावे लागते. ह्या उपायास पैसा लागत नाही, श्रमही वाढत नाहीत, म्हणूनच की काय तो कोणी सांगत नाही.

दुसरे, वाफ्यांच्या कडेच्या फुटक्या कुंड्या, विटांचे ढीग, कुजका पाला, तण हे सर्व काढून टाकिले. खताचा खड्डा भिंतीपाशी होता, तो मळ्यापासून दूर नेला. विटांचा ढीग हलविला तेव्हा त्याखाली अंड्यांचे अनेक पुंजके मिळाले. एक पुंजका वेचणे म्हणजे पुढील महिन्याची शेकडो तोंडे आजच बंद करणे, हे गणित मुलांस चटकन पटले, आणि अंडी शोधण्यात त्यांची चुरस लागली.

तिसरा उपाय मोहोळ काढण्यासारखा मौजेचा आहे. सर्व आश्रय काढून घेतल्यावर आपणच एक आश्रय द्यावयाचा. जुने गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून सायंकाळी वाफ्यांमध्ये जागोजाग टाकावे. गुळाच्या वासाने व ओलीने रात्रीच्या गोगलगायी पहाटे त्याखाली गोळा होतात. सूर्य वर येण्यापूर्वी गोणपाट उलटावे व वेचून घ्यावे. मराठवाड्यात कृषी खात्याने शेतकऱ्यांस हाच उपाय सांगितला होता. कोबीची बाहेरची टाकाऊ पाने किंवा पपईची पाने पालथी घातली तरी लहान प्रमाणावर काम होते. पाश्चात्त्य देशांत वाटीत बिअर ओतून जमिनीत पुरून ठेवितात. तिच्या आंबूस वासाने गोगलगायी येऊन बुडतात. आमच्या शाळेच्या मळ्यात दारूचा प्रवेश आम्ही होऊ देणार नाही, हे वाचकांस सांगावयास नकोच! परंतु तिची गरजही नाही. ओढा असतो तो आंबण्याच्या वासाचा. अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली दाखविले की पावाच्या आंबविलेल्या सैल पिठाकडेही गोगलगायी ओढल्या जातात. आम्ही बेकरीतून थोडे खमीर आणून, मैदा व पाणी यांत कालवून, नारळाच्या करवंट्यांत भरून ठेविले. गोणपाटाइतका नाही तरी त्याचाही उपयोग झाला.

आणि चौथा उपाय म्हणजे दोन हात व एक विजेरी. पहिल्या आठवड्यात पालकांपैकी कोणी तरी व दोन मोठे विद्यार्थी रोज रात्री नऊच्या सुमारास अर्धा तास वाफ्यांतून फिरत. पहिल्या रात्री बादलीचा तळ झाकून गेला. दहाव्या रात्री शोधून शोधून पाच-सहा मिळाल्या. पुन्हा मोठा पाऊस झाला की संख्या वाढे व पुन्हा पाळी सुरू होई. हे काम कंटाळवाणे आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु रोपे कोवळी असतात ते पहिले तीन आठवडेच खरे धोक्याचे. देठ जून झाला म्हणजे दोन-चार पाने गेली तरी वांग्याचे झाड तग धरते. यासाठी आम्ही दुसऱ्या खेपेस रोपे गादीवाफ्यावरच आणखी दहा दिवस ठेवून, बळकट झाल्यावर लाविली.

येथे एक सूचना आम्ही पालकांस आग्रहाने करितो. गोगलगाय उघड्या हाताने कधीही धरू देऊ नका. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका सूक्ष्म कृमीची पिल्ले गोगलगायींच्या शरीरात वाढतात. ती मनुष्याच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येऊ शकते. ऑस्ट्रेलियात २०१० साली एका तरुणाने मित्रांच्या आग्रहावरून बिनशंखी गोगलगाय गिळली. त्यास ह्या रोगाने पंगू केले व २०१८ साली त्याचा अंत झाला. वेचताना रबरी मोजे किंवा चिमटा वापरावा, काम झाल्यावर साबणाने हात धुवावे, आणि मेथी, पालक, कोथिंबीर ही पाने वाहत्या पाण्यात एकेक उघडून धुवावी.

दुकानात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांविषयी अनेकांनी विचारिले. त्यांनी गोगलगायी मरतात. परंतु त्याच गोळ्या कुत्रा किंवा लहान मूल तोंडात घालू शकते. ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून उघड्यावर त्यांचा वापर करण्यास बंदी आहे. जेथे मुले खेळतात तेथे आम्ही त्या आणणार नाही. लोह फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या तर त्या पशुपक्ष्यांस पुष्कळ कमी घातक असतात.

गोगलगायींचे स्वाभाविक शत्रूही आहेत. ज्याचे दर्शन आपल्याकडे शुभ मानितात तो भारद्वाज पक्षी मोठ्या आफ्रिकी गोगलगायीही फोडून खातो. बेडूक, भेक व जमिनीवर धावणारे काळे भुंगेरे लहान गोगलगायी व अंडी खातात, आणि काजव्यांच्या अळ्यांचे तर हे मुख्य अन्न आहे. बदके पाळणाऱ्यांस हा प्रश्न फारसा पडत नाही; मात्र ती कोवळी भाजीही सोडीत नाहीत. आमच्या कुंपणाच्या करवंदीच्या जाळीत एक भारद्वाजाची जोडी असते. ती जाळी छाटण्याचा ठराव आम्ही यंदा मागे घेतला.

परंतु शत्रू असावा तो त्या ठिकाणचाच. हवाई बेटांत आफ्रिकी गोगलगायींचा नाश करण्यासाठी १९५५ साली अमेरिकेतून एक मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. पुढे १९७४ मध्ये ती ताहिती बेटावरही नेण्यात आली. तिने आफ्रिकी गोगलगायी पुष्कळशा सोडून दिल्या, आणि झाडांवर राहणाऱ्या, कोणाचेही नुकसान न करणाऱ्या तेथील पार्टुला नावाच्या लहान गोगलगायींच्या कित्येक जाती पृथ्वीवरून नाहीशा केल्या. ज्या थोड्या उरल्या त्या प्राणिसंग्रहालयांत काचेच्या पेट्यांत वाढवून अलीकडे परत त्यांच्या बेटांवर सोडण्यात येत आहेत. बेन्सनच्या हौसेची व ह्या उपायाची गोष्ट मुलांस सांगितली, तेव्हा एकाने विचारिले, "गुरुजी, मग आपल्या मळ्यातल्या सगळ्याच गोगलगायी वाईट का?" नाही. आपल्या डोंगरांत व रानांत अनेक देशी जाती आहेत. त्या कुजलेला पाला व शेवाळ खाऊन जगतात आणि मळ्याच्या वाटेस फारशा जात नाहीत. मारावयाच्या त्या वाफ्यातील, रानातील नव्हेत.

स्नेहसंमेलनास भरीत झाले. वांगी अपेक्षेहून थोडी होती, कारण एक वाफा मिठाने गेला होता व पहिली लागण गोगलगायींनी नेली होती. तथापि प्रत्येक पानावर कळण्याच्या भाकरीबरोबर चमचाभर तरी आले. आजीबाईंस मुद्दाम बोलाविले होते. त्यांनी भरीत चाखून तिखट कमी असल्याचे सांगितले, व जाता जाता विटांचा नवा ढीग पुन्हा भिंतीपाशी रचला गेला आहे, हे आमच्या नजरेस आणून दिले. तो दुसऱ्याच दिवशी हलविण्यात आला.